अर्ध्या मापाची बुरशी

मस्कतच्या रुवी भागातल्या एका हॉलमध्ये मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. केदारसाहेबांना शाल घातली, नारळ दिला. त्यांनी माइक हातात घेतला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "परदेशात आपल्या माणसांना आपणच सांभाळायचं असतं." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या काकूंनी तर डोळेच पुसले. मी उठून बाहेर आले. पार्किंगमध्ये गाड्यांच्या तापलेल्या पत्र्यांमध्ये उभी राहिले आणि ठरवलं, आता परकारबाईंवर लिहायचं.

त्या हॉलमध्ये परकारबाईंना ओळखणारे आम्ही दोघंच होतो, एक केदारसाहेब आणि एक मी. त्यांनी ते नाव घेतलं नाही. म्हणून मी घेते.

झुलेखा परकार, दापोली तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावच्या. वय पन्नाशीच्या आसपास, उंची जेमतेम, आवाज मात्र कोल्ड स्टोअरचा दरवाजा बंद असला तरी आत ऐकू जाईल असा. रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. बाहेरून कंटेनरने आलेली संत्री-लिंबं तिथे धुतली जात, बुरशीनाशकाच्या टाकीतून काढली जात, त्यांना मेण चढे आणि ती खोक्यात भरून मस्कत, निझवा, सलालाहला जात. त्या बुरशीनाशकाला साहेबापासून सफाईवाल्यापर्यंत सगळे 'दवा' म्हणत. ती दवा लागू पडते की नाही, हे बघायला एक छोटी लॅब होती. लॅब म्हणजे परकारबाई, दोन उबदार कपाटं आणि शेकडो काचेच्या डब्या. मी शेजारच्या ऑफिसात त्यांचे रिपोर्ट टाइप करायचे.

बाई डोक्याला स्कार्फ बांधत आणि त्यावर लॅबची जाळीदार टोपी घालत. पहिल्याच दिवशी मी बघत राहिले, तर म्हणाल्या, "एक अल्लासाठी, एक ऑडिटसाठी. बस, उभी का?"

त्यांच्या उजव्या अंगठ्याबद्दल आधी सांगायला हवं. कुठलंही फळ समोर आलं की तो अंगठा आपोआप देठाच्या बाजूला जाई आणि हलकेच दाबे. पट्ट्यावर, पाहुण्याच्या घरी, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. मत्रहच्या बाजारात मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. लिंबूवाला ओरडला, "मॅडम, दबाओ मत! लेना है तो लो!" बाई अंगठा न काढता म्हणाल्या, "तेरा लिंबू अंदर से रो रहा है भाई, मैं क्या करूँ?" त्याने चिडून ते लिंबू कापलं. आत खरंच पाणी झालेलं होतं. साल मात्र वरून हिरवीगार, एक डाग नाही. बाईंनी मग त्याच्याकडूनच दोन किलो घेतली. "कापून दाखवलं ना त्याने," त्या मला म्हणाल्या. "कापून दाखवणाऱ्याकडून घ्यावं."

त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत मराठी शाळेत झालेलं. एन्झाइमला त्या शाळेतल्या पुस्तकातला शब्द वापरत, विकर. मला तो शब्द आठवत नव्हता, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "विकर म्हणजे लाळ गो. बुरशीला तोंड नाय, पोट नाय. ती काय करते, लाळ बाहेर टाकते. फळ बाहेरच विरघळवते आणि मग चोखून घेते. आपण जेवून पचवतो, ती पचवून जेवते."

एका शुक्रवारी त्यांनी मला वादी अदाईला घरी बोलावलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, बांगड्याचं कालवण. जेवण झाल्यावर त्यांनी फ्रिजच्या मागून एक डबा काढला. त्यात पावाचे तीन तुकडे. एकावर हिरवी-काळी लोकर उगवलेली, दोन स्वच्छ. त्यांची मुलगी निदा इंडियन स्कूलला आठवीत होती. तिचं मराठी प्रत्येक वाक्याला अडखळे. तिने विचारलं, "अम्मी, मराठीत ती बुरशी का? तो बुरशी का नाही?"

"का? लाळ गाळायचा मान पुरुषांनाच हवा का?" बाई म्हणाल्या. त्यांचे यजमान मत्रहला कापडाच्या दुकानात होते. ते भाकरी मोडता मोडता नुसते हसले.

मी स्वच्छ तुकड्यांकडे बोट दाखवून म्हटलं, "हे चांगले आहेत." बाईंनी त्यातला एक अंगठ्याने दाबला. अंगठा आत गेला. तुकडा ओल्या राखेसारखा बसला.

"वाढली नाय म्हणजे मेली नाय," त्या म्हणाल्या.

हे त्यांचं आवडतं वाक्य. बुरशीपुरतंच नव्हे, अबोला धरलेल्या निदासाठीही तेच, पट्ट्यावर मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसांसाठीही तेच. पण बुरशीच्या बाबतीत त्यांनी त्याचा नियम केला होता. आमच्या रिपोर्टच्या फॉर्मवर एक रकाना होता, बुरशीची वाढ. दवा लागू पडली की बाकीचे लोक तिथे 'निल' लिहीत. बाई लिहीत, 'नो ग्रोथ सीन', वाढ दिसली नाही. मी सुरुवातीला दोनदा 'निल' टाइप केलं, तर त्यांनी दोन्ही कागद परत पाठवले. मी म्हटलं, "बाई, एकच ना ते?"

"एक कसं? 'नाही' हे अल्लाला माहीत. 'दिसली नाही' एवढंच मला माहीत. मी माझ्यापुरतं लिहिते."

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील एमआयडीसीच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटत, आणि उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या वह्यांना लागत. त्यामुळे माझ्या डोक्यात वाक्यं तयारच असतात आणि बहुतेकांच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं. बाईंना उद्गारचिन्हाचा तिटकारा. त्यांच्या सगळ्या रजिस्टरांत एकही सापडणार नाही. एकदा मी चहाच्या सुट्टीत कामगारांच्या राहण्याच्या खोल्यांवर तावातावाने बोलत होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खोलीत किती माणसं ते मोजलंस?" मी मोजलं नव्हतं. "मग आधी मोज. मग ओरड."

आता धुरीकाका. कुडाळकडचे, पंचावन्नच्या पुढचे, दवेच्या टाकीवर वर्षानुवर्षं उभे. दोन्ही हातांची कातडी कोरड्या नदीसारखी चिरलेली. रोज सकाळी पट्ट्यावरचं पहिलं संत्रं ते लॅबच्या खिडकीत आणून ठेवत. "बाय, बोहनी," म्हणत. बाई दाबून बघत आणि मान हलवत. दिवस सुरू. टाकीत दवा किती घालायची तर एक माप. माप म्हणजे प्लास्टिकचा एक लिटरचा मग. पाणी भरलं, मग ओतला, काडीने ढवळलं, पट्टा चालू. इतकी वर्षं चाललं होतं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी खोकी परत यायला लागली. आधी निझव्याहून, मग सलालाहहून. मी स्वतः एक खोकं उघडलं होतं. वरून बघाल तर एकाही फळावर हिरवा ठिपका नाही. हात लावा, तर बोटं आत जातात. खोक्याच्या तळाला चिकट पाणी. बाईंचा अंगठा त्या दिवशी एकेका फळातून आरपार गेला.

कंपनीला आता माणूस हवा होता. कारण नको होतं, माणूस हवा होता. तो लवकरच सापडला.

शिफ्टच्या वहीत एके दिवशीची नोंद होती. सुपरवायझरने वॉकीटॉकीवर टाकीला विचारलं होतं, "दवा?" काकांनी उत्तर दिलं होतं, "खलास." सुपरवायझरने लिहिलं, दवा संपली. आणि पट्टा मात्र चालूच होता. म्हणजे धुरीने नुसत्या पाण्यातून माल काढला! निष्काळजीपणा! नोकरीवरून कमी करून घरी पाठवायचं, आणि अनुभवाच्या पत्रावर तसा शेरा मारायचा. असा शेरा असला की आखातात पुन्हा कोणी दारात उभं करत नाही. काकांच्या वयाला तर नाहीच.

इथे आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात दोन शब्द शिकावे लागतात. 'खलास' म्हणजे झालं. काम उरकलं तरी खलास, वस्तू संपली तरी खलास. आणि 'माफी' म्हणजे नाही. पाणी माफी, गाडी माफी, पगार माफी. मराठी माणसाला हा दुसरा शब्द ऐकून आधी हसू येतं, मग सवय होते.

चौकशी मीटिंग रूममध्ये झाली. केदारसाहेब प्रॉडक्शन मॅनेजर, अध्यक्षस्थानी. एचआरचे एक गृहस्थ, सुपरवायझर, परकारबाई, आणि नोंदी घ्यायला मी. काका खुर्चीवर बसायला तयार नव्हते. उभे राहून हिंदीत बोलले. "साब, मैं एक माप डाला, काम हो गया, इसलिए खलास बोला. दवा नहीं होता तो मैं माफी बोलता ना? माफी बोलता मैं, माफी!"

केदारसाहेब माझ्याकडे वळले आणि चांगल्या पुणेरी मराठीत म्हणाले, "माफी मागतोय. लिहा, अपॉलोजाइज्ड."

त्या गृहस्थांना ओमानमध्ये येऊन माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं झाली होती. माफी म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं? ते रोज ड्रायव्हरला सांगत, "आज पार्किंग माफी, मागे लाव." त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. एचआरवाल्यालाही माहीत होतं. तो पेन बघत बसला. आणि मी, पत्रकांच्या कव्हरातल्या वह्यांवर अभ्यास करून मोठी झालेली मी, टाइप केलं: अपॉलोजाइज्ड. सात वर्षांच्या पोरीलाही लाज वाटली असती असा तो शब्द मी स्पेलिंग न चुकता टाइप केला.

बाई मध्येच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला, "परत आलेल्या खोक्यांत हिरवी बुरशी किती फळांवर दिसली?"

"एकावरही नाही," सुपरवायझर म्हणाला. "सगळी साफ. आतून गेलेली."

"बरं," बाई म्हणाल्या. "मला आठवडा द्या."

एचआरवाल्याला ते सोयीचं वाटलं. चौकशी रीतसर झाली असं कागदावर दिसलं असतं. त्याने होकार दिला. काका लॅबच्या खिडकीशी येऊन थांबले. "बाय, माझा काय चुकला ता तरी सांगा." बाई म्हणाल्या, "धुरी, तुम्ही कामाला जा. ढवळत राहा."

त्या आठवड्यात बाईंनी काय केलं, ते मी काचेतून बघत होते. परत आलेल्या फळातून त्यांनी बुरशी खरवडून काढली. फळाच्या पेशींना धरून ठेवणारा जो डिंकासारखा पदार्थ असतो, त्याच्याच जेलीच्या तीन डब्या केल्या. पहिलीत दवा नाही. दुसरीत लेबलवर लिहिलेली पूर्ण मात्रा. तिसरीत निम्मी. प्रत्येकीत मधोमध बुरशीचा एक ठिपका ठेवला आणि डब्या उबेत ठेवल्या. रोज सकाळी त्या डब्या काढून बघत आणि रजिस्टरमध्ये एक ओळ लिहीत. जेवणाच्या सुट्टीतही त्या लॅबमधून हलत नसत. मी एकदा डबा घेऊन आत गेले, तर म्हणाल्या, "वास येईल. बाहेर बसून खा. आज बुरशीचा उपास सोडायचा नाय."

आठव्या दिवशी पुन्हा तीच खोली, तीच माणसं. काका पुन्हा उभे. बाईंनी तिन्ही डब्या टेबलावर मांडल्या.

पहिली डबी कडेपर्यंत हिरवीगार झाली होती. "हे नुसतं पाणी," बाई म्हणाल्या. "धुरींनी नुसत्या पाण्यातून माल काढला असता, तर तुमची खोकी अशी हिरवी परत आली असती."

दुसरीत मोहरीएवढा ठिपका होता तसाच. तिसरीतही तसाच. दोन्ही डब्या दिसायला जुळ्या बहिणी.

"हे दोन्ही सारखेच आहेत," केदारसाहेब म्हणाले. "दोन्हीत ग्रोथ निल."

"दिसत नाय," बाईंनी दुरुस्त केलं, आणि खिशातून आयोडीनची बाटली काढली. दोन्ही डब्यांत थोडंथोडं ओतलं, हलवलं, ओतून टाकलं. दुसऱ्या डबीतली जेली सगळी तपकिरी झाली. तिसऱ्या डबीतली जेलीही झाली, पण ठिपक्याभोवती रुपयाएवढं वर्तुळ कोरं राहिलं. तिथे रंग धरायला जेलीच उरली नव्हती. मोहरीएवढ्या ठिपक्याने रुपयाएवढी जेली खाल्ली होती, आणि स्वतः तिळभर वाढला नव्हता.

मी पहिल्या डबीकडे बघितलं. बाईंनी माझी नजर पकडली. "पहिलीत पण खाल्लंय. पण तिथे शंभर तोंडं आहेत. इथे एकच. एका तोंडामागे किती लाळ, ते बघा. अर्ध्या दवेने ही वाढायची थांबते. मरत नाय. उलट जास्त विकर सोडते. का सोडते, ते मला नक्की माहीत नाय. सोडते, हे समोर आहे. बाहेरून फळ साफ, आतून पाणी. तुमच्या खोक्यात जे आहे, ते हेच. म्हणजे टाकीत दवा होती. रोज होती. आणि रोज अर्धी होती."

एचआरवाल्याने पहिल्यांदा पेनवरून नजर उचलली. "अर्धी कशी? हा तर म्हणतो एक माप घातलं."

"माप मागवा."

कोणी उठलं नाही. बाई स्वतः उठल्या, खाली गेल्या आणि टाकीवरचा मग घेऊन आल्या. दुसऱ्या हातात लॅबचं मोजपात्र. मग पाण्याने काठोकाठ भरला आणि सगळ्यांच्या देखत मोजपात्रात ओतला. पाणी अर्ध्या लिटरच्या रेघेवर थांबलं.

काका पुढे झाले. "ये नया है साब. पुराना माप स्टोअरवाला ले गया. बोला, अब दवा डबल कडक आया है, माप येही."

स्टोअरवाला स्वतःच्या डोक्याने मग बदलतो का? दवेचा ड्रम तोच होता, लेबल तेच होतं, कडक-बिडक काही नव्हतं. खर्च वाचवायला अर्ध्या दवेत माल काढायचा हुकूम वरून आला होता, आणि 'वरून' म्हणजे त्या खोलीत कोण, हे सगळ्यांना समजलं. केदारसाहेबांच्या कपाळावर घाम नव्हता. असली माणसं घामाघूम होत नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, छान प्रयोग. शाळेत दाखवा. मीटिंग संपली."

दोन दिवसांनी माझ्याकडे अंतिम रिपोर्ट टाइपिंगला आला. माल खराब होण्याचं कारण: वाहतुकीतली उष्णता. ओमानमध्ये उन्हावर काहीही ढकलता येतं. ऊन कधी लेबर ऑफिसात जात नाही. सोबत लॅबचा तक्ता जोडायचा होता, त्यात वाढीच्या रकान्यात 'निल'. खाली परकारबाईंच्या सहीची जागा. धुरीकाकांना 'कर्मचारी कपात' म्हणून पाठवायचं ठरलं होतं, आणि शेरा होता तसाच राहणार होता.

कागद घेऊन मी लॅबमध्ये गेले. माझं डोकं फुटायची वेळ आली होती. "बाई, सही करू नका! आपण लेबर ऑफिसात जाऊ. डब्या घेऊन, मग घेऊन जाऊ. ह्यांना सोडायचं नाही!"

बाईंनी रिपोर्ट वाचला. 'निल'वर अंगठा ठेवला, फळावर ठेवत तसा. मग कागद घडी करून स्कार्फमध्ये खोचला आणि केदारसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार त्यांनी लावलं नाही, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"सही करणार नाय. तुम्ही मला काढणार, माहीत आहे. मीच जाते. राजीनामा लिहून देते, कुठे काही बोलणार नाय. पण धुरीच्या पत्रावर एक काळा शब्द दिसला, तर तिसरी डबी घेऊन मी कुठे जाईन, ते तुम्हाला कळतंय."

"परकारबाई, एवढं कशाला मनावर घेता? आपली माणसं आपण..."

"आपली माणसं आपण मापाने मोजतो, केदारसाहेब. मी माझं माप दाखवलं."

त्या बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. हो, त्यांच्यावरच. हा सौदा आहे म्हटलं. गप्प बसण्याचा सौदा. तुम्ही सगळं सिद्ध केलंत आणि विकून टाकलंत म्हटलं. त्या माझं ऐकत डब्यांवरची लेबलं सोलत होत्या.

"तुला लढाई पाहिजे," त्या म्हणाल्या. "धुरीला कागद पाहिजे. त्याचा व्हिसा ह्या महिन्यात संपतो. तुझी लढाई पुढच्या वर्षी पण मिळेल."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि ते अपॉलोजाइज्ड कोणी टाइप केलं गो?"

मी माझ्या टेबलाशी परत आले.

काकांचं पत्र मीच टाइप केलं. साधं अनुभवाचं पत्र, चार ओळी. काकांनी प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली बोट फिरवलं. शेवटी विचारलं, "यात माफी खंय नाय मा?"

"नाही काका. माफी माफी."

ते पहिल्यांदा हसले. पत्र त्यांनी बताक्याच्या, म्हणजे रहिवासी कार्डाच्या, प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं. ते पाकीट ते कायम छातीशी ठेवत. आज ते कतारला एका शीतगृहात आहेत. म्हणजे बाईंचं बरोबर होतं. आणि तरीही मला राग येतो. बरोबर असूनही त्यांनाच का जावं लागलं? निदाला अर्ध्या वर्षात शाळेतून काढून गावी का न्यावं लागलं? आता निदा घडाघडा मराठी बोलते म्हणे. बरं झालं, लोक म्हणतात. काय बरं झालं? त्या मुलीचं वर्ष गेलं, आईची लॅब गेली, आणि हॉलमध्ये शाल कोणाच्या खांद्यावर पडली?

बाईंचा शेवटचा दिवस गुरुवार होता. त्यांनी लॅब झाडून-पुसून ठेवली. रजिस्टरं एकावर एक रचली, शेवटच्या पानावर आडवी रेघ मारली. निरोपाचा चहा कोणी ठेवला नाही. संध्याकाळी वादी अदाईकडे जाणारी कंपनीची बस गेटवर येऊन थांबली. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. बाई लॅबच्या बाजूने यायला हव्या होत्या, पण आल्या टाकीच्या बाजूने, घाईघाईने. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. बस हलता हलता त्यांनी माझ्याकडे बघून उजवा अंगठा काचेला टेकवला. तो काळाकुळकुळीत झाला होता, मतदान करून आल्यासारखा. मला वाटलं, रजिस्टरवर शाई सांडली असेल. मी हात हलवला. बस वळली. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

रविवारी सकाळी टाकीवर नवा माणूस रुजू झाला. बिहारचा, तिशीचा, कामाचा. आल्या आल्या तो ऑफिसच्या दारात उभा राहिला. हातात तो अर्ध्या लिटरचा मग. मगाच्या पोटावर जाड काळ्या मार्करने, मोठ्या ठसठशीत अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. शेवटच्या अक्षरावरचा अनुस्वार पुसट होता, ओल्या शाईवर अंगठा फिरला असावा.

"मैडम, मैं पढ़ा-लिखा नहीं, ये मराठी में क्या लिखा है? साहब से पूछा तो बोले, कुछ नहीं, धो डालो. धोया, जाता नहीं."

साहेबांना मराठी येत होतं. त्यांनी वाचलं होतं. इतक्या सगळ्या माणसांत मराठी येणारे ते आणि मी, आम्ही दोघंच उरलो होतो, आणि बाईंना ते माहीत होतं.

केदारसाहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी उठून उभी राहिले आणि तिथे ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"अर्धं."

"मतलब?"

"मतलब ये आधा है. एक टाकी में दो डालने का."

तो मान हलवून गेला. थोड्या वेळाने खालून पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला. त्याआधी वॉकीटॉकीवर सुपरवायझरने विचारलं होतं, "दवा?" आणि नव्या माणसाचं उत्तर साऱ्या मजल्याने ऐकलं होतं, "दो माप. खलास."